इजा नाही, म्हणून वर्चस्वही नाही?

१३ मे २०१७ रोजी डॅलसमध्ये डेमियन माया आणि होर्हे मास्विदाल यांच्यात यूएफसी या अमेरिकी कंपनीने भरवलेली तीन फेऱ्यांची लढत झाली. मायाने त्यातला बराच वेळ मास्विदालच्या पाठीवर काढला. दोन्ही पायांनी कंबर जखडलेली आणि एक हात सतत गळ्याच्या शोधात. मास्विदालने उभ्याने सणसणीत लाथा हाणल्या आणि माया पाठीवर असतानाही मागच्या मागे ठोसे मारले. दोन जजनी २९-२८ असा कौल मायाला दिला. तिसऱ्यानेही २९-२८ च दिले, पण मास्विदालला.

त्या तिसऱ्या जजला दोष देण्यात अर्थ नाही. हातातला नियम त्याला तसं वाचता आला, मुद्दा तो आहे. ज्याला मिनिटामागून मिनिटं पाठीवरचा माणूस झटकता येत नाही, ज्याचे दोन्ही हात स्वतःचा गळा वाचवण्यात गुंतले आहेत, तो फेरी हरतो आहे की नाही, याबद्दल ठोसे, लाथा आणि कुस्ती हे सगळं चालणाऱ्या मिक्स्ड मार्शल आर्ट्सचा, म्हणजे एमएमएचा, नियम आजही अडखळतो. ठोसा लागला की डोळा सुजतो, भुवई फुटते, रक्त येतं, आणि ते लांबूनही दिसतं. पाठीवरच्या माणसाचं काम दिसत नाही. जे दिसत नाही ते घडलंच नाही असं धरून गुण देणं अन्यायाचं आहे, आणि खेळाडूंच्या मेंदूसाठी घातकही. हे नियम प्रवर्तक कंपन्यांनी आपल्या मर्जीने केलेले नाहीत. अमेरिकेत ते राज्यांचे क्रीडा आयोग राबवतात आणि त्यांचा मसुदा या आयोगांची संघटना, असोसिएशन ऑफ बॉक्सिंग कमिशन्स, करते. म्हणून या प्रश्नावर जाहीरपणे बोललं पाहिजे, आणि बोलायचं तर मायाच्या कारकिर्दीइतकं बोलकं उदाहरण नाही.

माया साओ पाउलोचा, जन्म १९७७ चा. फाबिओ गुर्जेलच्या हाताखाली ब्राझिलियन जिउ-जित्सू, म्हणजे जमिनीवर जखडून गळा किंवा सांधा आवळण्याची कला, शिकायला लागला तेव्हा तो विशीच्या उंबरठ्यावर होता, म्हणजे या खेळासाठी उशिराच. ब्लॅक बेल्टला बहुतेकांना दहाएक वर्षं लागतात, त्याने तो पाच वर्षांच्या आत मिळवला. २००५ मध्ये एडीसीसी या ग्रॅपलिंगच्या (ठोसे न मारता नुसत्या पकडींनी झुंजण्याच्या) जागतिक स्पर्धेत ८८ किलो गटाच्या अंतिम सामन्यात तो रोनाल्डो 'जाकारे' सोझाकडून हरला आणि २००७ मध्ये तोच गट जिंकला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये यूएफसीत उतरला आणि तिथल्या पहिल्या पाचही लढती त्याने प्रतिस्पर्ध्याला शरण आणून किंवा बेशुद्ध करून संपवल्या. पाचवा होता चेल सोनेन, अव्वल दर्जाचा कुस्तीगीर. लंडनमध्ये फेब्रुवारी २००९ मध्ये मायाने त्याला पाडलं आणि पहिल्याच फेरीत पायांच्या त्रिकोणात त्याचा गळा आवळला.

तो ज्या खेळातून आला तिथला हिशेब आधी पाहू. जिउ-जित्सूच्या मुख्य स्पर्धांत पाडलं की २ गुण, खालून उलटवलं की २, पोटावर गुडघा रोवला की २, प्रतिस्पर्ध्याच्या पायांचा अडथळा ओलांडून बाजूला आलं की ३, छातीवर बसलं की ४ आणि पाठीवर दोन्ही टाचांचे हुक लावून बसलं की ४. जागा तीन सेकंद टिकवावी लागते, तरच गुण. ब्लॅक बेल्टचा सामना सलग दहा मिनिटांचा. या आकड्यांमागे सरळ विचार आहे: ज्या जागेवरून तुम्ही समोरच्याचा घात करू शकता आणि तो तुमचं काही करू शकत नाही, ती जागा सर्वांत महाग. पाठ ही अशी जागा आहे, कारण माणसाचे हात, कोपरं, गुडघे, डोळे सगळे पुढच्या बाजूला आहेत.

एमएमएत हा सगळा हिशेब पुसला जातो. तिथे पाच मिनिटांची फेरी, फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९, एकतर्फी झाली तर ८. आणि दर फेरीला दोघंही पुन्हा उभे. चौथ्या मिनिटाला पाठ मिळवलेला खेळाडू पाचव्या मिनिटाला घंटा झाली की पुन्हा शून्यावर. ठोसेबाजाचं तसं नाही. त्याने पहिल्या फेरीत सुजवलेला पाय दुसऱ्या फेरीतही सुजलेलाच असतो.

हे घड्याळ कुठून आलं तेही लक्षात ठेवलं पाहिजे. १९९३ च्या पहिल्या यूएफसीत फेरीची वेळ लढतीला आडवी येत नव्हती. डिसेंबर १९९४ च्या चौथ्या स्पर्धेत होइस ग्रेसी आणि डॅन सेव्हर्न यांची अंतिम लढत पंधरा मिनिटांवर गेली आणि पैसे भरून घरी पाहणाऱ्या असंख्य लोकांचं प्रक्षेपण निकालाआधीच तुटलं. पुढच्या स्पर्धेपासून वेळेची मर्यादा आली. त्यात होइस आणि केन शॅमरॉक ३६ मिनिटं झुंजून बरोबरीत सुटले. पाच मिनिटांच्या फेऱ्या आणि दहा गुणांची पद्धत आली ती जुलै १९९९ मध्ये, एकविसाव्या यूएफसीला. टीव्हीची गरज होती, ती समजण्यासारखी आहे. पण ग्रॅपलरच्या वाट्याचा वेळ एकदा प्रक्षेपणासाठी कापला गेल्यावर, उरलेल्या वेळात त्याने केलेल्या कामाची किंमत तरी नीट व्हायला हवी. ती वेगळ्या तऱ्हेने करता येते याचे दाखलेही आहेत. जपानच्या प्राइड या कंपनीच्या लढतींत पहिली फेरी दहा मिनिटांची असे आणि जज पूर्ण लढत एकत्र तोलत. सिंगापूरची वन चॅम्पियनशिप आजही फेरीनिहाय गुण न देता पूर्ण लढतीचा निकाल देते.

आता मायाचं काम प्रत्यक्ष कसं चालायचं ते बघू, कारण 'नुसतं धरून ठेवतो' हा आरोप करणाऱ्यांनी बहुधा तेच पाहिलेलं नसतं.

त्याची सुरुवात एकेरी पटाने होई. लांबून झेप, समोरच्याच्या पुढच्या पायाला विळखा, डोकं आतल्या बाजूला बरगडीला चिकटलेलं. समोरचा कंबर मागे फेकून वजन पाठीवर टाकी, म्हणजे पट तोडी. इथे बहुतेक कुस्तीगीर पाय सोडून पुन्हा उभे राहतात. माया उलट करायचा. तो पाय न सोडता मुद्दाम खाली बसायचा, समोरच्याचा एक पाय स्वतःच्या दोन पायांत अडकवायचा (याला हाफ गार्ड म्हणतात) आणि एक हात त्याच्या काखेखालून पाठीकडे घालायचा. म्हणजे तुटलेला पट हीच त्याची पुढची चाल. काखेतल्या हाताच्या जोरावर तो कुशीवर वळून गुडघ्यावर यायचा. समोरचा मागे रेलला तर खाली पडायचा, पुढे रेलला तर माया त्याच्या मागे पोहोचायचा. पिंजऱ्याच्या जाळीला टेकून उठू पाहणाऱ्याला तर तो हमखास मागूनच धरायचा, कारण उठताना एक हात जमिनीला टेकावा लागतो आणि तेवढ्यात पहिला हुक आत जातो.

पाठीवर गेल्यावर एक हात खांद्यावरून, दुसरा काखेतून, आणि दोन्ही तळवे छातीवर एकमेकांत. गाडीचा सीटबेल्ट जसा तिरपा बसतो तशी ही पकड. खाली दोन्ही टाचा मांड्यांच्या आत, किंवा एका पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यामागे अडकवून पोटाभोवती त्रिकोण. त्रिकोण बसला की नुसतं घुसळून सुटता येत नाही, आणि प्रत्येक श्वासाला बरगड्या आवळल्या जातात. मग सुरू होते हातांची लढाई. खालचा माणूस दोन्ही हातांनी गळ्याकडे येणारा एकच हात पकडून ठेवतो, हनुवटी छातीला चिकटवतो, खांदे जमिनीला लावायचा प्रयत्न करतो. वरचा मोकळ्या हाताने कानाजवळ ठोसे मारतो. ते जोराचे नसतात. बचावाचा एक हात हलावा एवढ्यासाठीच असतात. हात हलला की कोपर हनुवटीच्या बरोबर खाली येतं, तळवा दुसऱ्या दंडावर, दुसरा तळवा डोक्यामागे, आणि छाती फुगवून आवळायचं. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रोहिण्या दाबल्या की साधारण दहा सेकंदांच्या आत शुद्ध हरपते. त्याआधी हात आपटून शरणागती देता येते.

एमएमएत हे जिउ-जित्सूपेक्षा अवघड आहे. चार औंसांचा हातमोजा हनुवटीखाली सरकत नाही, दुसऱ्या फेरीपर्यंत दोघांची अंगं घामाने निसरडी होतात, आणि पकडायला जिउ-जित्सूच्या झग्याची कॉलर नसते. म्हणून कसलेल्या खेळाडूविरुद्ध पाठ मिळाल्यापासून गळा मिळेपर्यंत कित्येक मिनिटं जातात. ती मिनिटं रिकामी नसतात. त्यांतच बचाव करणाऱ्याच्या बोटांची ताकद संपत असते.

मे २०१६ मध्ये ब्राझीलमधल्या कुरितिबाला मॅट ब्राउनविरुद्ध नेमकं हेच घडलं. माया फेरीमागून फेरी ब्राउनच्या पाठीवर होता आणि ब्राउन चिवटपणे गळा वाचवत होता. तिसऱ्या फेरीच्या ४ मिनिटं ३१ सेकंदांना तो वाचवू शकला नाही. घंटेला २९ सेकंद उरले होते. ब्राउनने ते २९ सेकंद काढले असते तर 'नुसतं पाठीवर बसून राहण्याला परिणाम म्हणायचं का' हा वाद इथेही झाला असता. चौदा मिनिटं न मिळणारा गळा पंधराव्या मिनिटाला मिळतो, तो आधीच्या मिनिटांची बेरीज म्हणूनच मिळतो.

कार्लोस कॉन्डिटविरुद्ध त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एवढा वेळही लागला नाही. माजी हंगामी विजेता असलेला कॉन्डिट १ मिनिट ५२ सेकंदांत शरण आला. चेहऱ्यावर जखम नाही, मेंदूला हादरा नाही, आणि कोण सरस याबद्दल शंका नाही.

जानेवारी २०१७ पासून लागू झालेला नियम काय म्हणतो? प्रभावी प्रहार आणि प्रभावी ग्रॅपलिंग हा पहिला निकष. त्यात दोघं अगदीच समान असतील तरच आक्रमकता आणि त्यानंतर पिंजऱ्यातल्या जागेवरचा ताबा. प्रभावी म्हणजे लढत संपवण्याकडे नेणारा परिणाम साधणारं, मग तो तत्काळ असो वा साचत गेलेला. पण तत्काळ परिणामाला जास्त वजन. केवळ वरचढ जागा धरून ठेवली एवढ्यावर वर्चस्व ठरवू नये, असंही त्यात स्पष्ट आहे. कागदावर हे वाजवी दिसतं. साचत जाणाऱ्या परिणामाची दारं त्यात उघडीच आहेत. गडबड होते ती वाचनात. 'परिणाम' या शब्दाच्या जागी समालोचनात, जजांच्या बोलण्यात आणि चाहत्यांच्या डोक्यात हळूहळू 'डॅमेज' बसला आहे, आणि डॅमेज म्हणजे सूज, रक्त, डगमगलेले पाय. गळ्याभोवतीच्या हातांच्या लढाईला हा शब्द लावायचं कोणाच्या मनात येत नाही.

याची किंमत खेळाडू भरतात. फेरी जिंकायला समोरच्याचं डोकं हलवणं हाच खात्रीचा मार्ग आहे हे कळलं की प्रशिक्षक तेच शिकवणार, तरुण मुलं तालमीतही तेच करणार. वारंवार डोक्याला बसणाऱ्या माराने मेंदूवर काय होतं हे बॉक्सिंगने फार पूर्वीच दाखवलं आहे. लास व्हेगसला क्लीव्हलँड क्लिनिकने २०११ पासून व्यावसायिक बॉक्सर आणि एमएमए खेळाडूंच्या मेंदूंचा दीर्घ अभ्यास चालवला आहे तो याच काळजीतून. मायाने ३९ व्यावसायिक लढती केल्या. ११ हरला. त्यातल्या फक्त २ वेळा त्याला ठोशांनी थांबवलं गेलं: २००९ मध्ये नेट मार्क्वार्टने आणि २०२० मध्ये गिल्बर्ट बर्न्सने. शरण तो एकदाही गेला नाही. शेवटची लढत झाली तेव्हा तो ४३ वर्षांचा होता. मार न खाता जिंकण्याची पद्धत माणसाला इतकी वर्षं टिकवू शकते, तर नियमाने तिला आडवं का यावं?

ग्रॅपलिंग निरुपद्रवी आहे असा माझा दावा नाही. २००४ च्या जिउ-जित्सूच्या जागतिक स्पर्धेत जाकारेचा हात रॉजर ग्रेसीच्या आर्मबारमध्ये (कोपर उलटं ताणणाऱ्या डावात) मोडला होता आणि तशाच हाताने त्याने वेळ काढून सामना जिंकला. मे २०२१ मध्ये यूएफसीत आंद्रे मुनीझने त्याचा पुन्हा हात मोडला. हाड मोडणं भयंकरच, पण हाड जुळतं, आणि हात अडकल्यावर खेळाडूला थांबायची संधी असते. हनुवटीवर न दिसलेला ठोसा बसतो तेव्हा तशी संधी कोणी देत नाही.

आता विरुद्ध बाजूचा सर्वांत जड मुद्दा: २९ जुलै २०१७, अनाहाइम. सलग सात विजयांनंतर मायाला टायरन वूडलीविरुद्ध विजेतेपदाची लढत मिळाली. मास्विदालशी झालेल्या लढतीनंतर अवघ्या अकरा आठवड्यांनी, वयाच्या ३९ व्या वर्षी. पाच फेऱ्यांत मायाने वीसहून अधिक वेळा पट काढायचा प्रयत्न केला. एकही यशस्वी झाला नाही. वूडली विद्यापीठ पातळीवरचा कसलेला कुस्तीगीर. तो कंबर मागे फेकून पट तोडायचा आणि माया खाली बसला की त्याच्यामागे खाली जायचाच नाही, सरळ दोन पावलं मागे सरून उभा राहायचा. प्रेक्षकांनी हुर्यो केली. नंतरच्या दहा महिन्यांत कोल्बी कोव्हिंग्टन आणि कमारू उस्मान यांच्याकडूनही माया हरला. दोघंही कुस्तीतले, आणि दोघांच्याही कमरेला पुढे पट्टा आला.

या तिन्ही लढती माया न्यायाने हरला आणि कोणताही बदललेला नियम त्याला त्या जिंकून देणार नाही, देऊही नये. तुटलेला पट म्हणजे वर्चस्व नव्हे. त्याच्या पद्धतीत खोट होती. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट ठोसा, नव्हता, त्यामुळे समोरचा हात वर उचलत नसे आणि कंबर सदैव मागे फेकायला तयार ठेवी. झेप लांबून येई, म्हणून दिसे. जाळीपाशी कोंडून पट काढणं आणि एकेरीवरून दुहेरीवर जाणं कमी पडे. जिउ-जित्सूच्या विजेत्यांची आणखी एक ठरलेली चूक दमाची आहे. रोदोल्फो व्हिएरा हा अनेक वेळचा जागतिक विजेता. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याने अँथनी हर्नांडेझला पाडण्यात आणि जखडण्यात पहिल्याच फेरीत सगळी ताकद ओतली, आणि दुसऱ्या फेरीत हात उचलत नसताना स्वतःच गिलोटिनमध्ये (समोरून मान काखेत धरून गळा आवळण्याच्या डावात) सापडून शरण गेला. पकडीचे स्नायू एकदा भरून आले की एका मिनिटाच्या विश्रांतीत मोकळे होत नाहीत.

तेव्हा मागणी ग्रॅपलरला सवलत देण्याची नाही. 'पाठीवर बसून राहणं कंटाळवाणं आहे' ही तक्रारही मी अर्धी मान्य करतो. जाळीला ढकलून, डोकं हनुवटीखाली रोवून, काहीच न करता मिनिटं मोजणारे खेळाडू आहेत. त्यांना गुण देऊ नयेत, रेफरीने त्यांना लवकर सोडवावं. प्राइडमध्ये अशा खेळाडूला पिवळं कार्ड दाखवून मानधनातले दहा टक्के कापत. मात्र जाळीला चिकटणं आणि पाठीवर हुक लावणं यांना एकाच तराजूत घालणं हे खेळ न कळल्याचं लक्षण आहे. पहिल्यात दोघंही सुरक्षित असतात. दुसऱ्यात एकजण सतत एका चुकीच्या अंतरावर असतो.

आपल्याकडच्या मल्लांनाही हा फरक कळीचा आहे. कुस्तीत पाठ जमिनीला लागली की खेळ खलास, त्यामुळे पडताना मल्ल लहानपणापासूनच्या सवयीने पालथा होतो. एमएमएत त्याच सवयीने तो आपली पाठ प्रतिस्पर्ध्याच्या हवाली करतो. बेन आस्क्रेन ऑलिम्पिकला गेलेला कुस्तीगीर. ऑक्टोबर २०१९ मध्ये सिंगापूरला मायाने तिसऱ्या फेरीत मागून त्याचाही गळा आवळला. पट काढताना डोकं खाली आणि मान उघडी राहिली की गिलोटिन बसतो. महाराष्ट्राचा भरत खंदारे नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघायला यूएफसीत उतरला आणि सोंग याडोंगकडून पहिल्याच फेरीत गिलोटिननेच हरला. तालमीतून पिंजऱ्यात जाऊ पाहणाऱ्या पोरांनी ठोसे शिकण्याआधी मान आणि पाठ राखायला शिकावं.

नियमात बदल फार मोठा नको. पहिल्या निकषाच्या स्पष्टीकरणात एक वाक्य पुरेल: बचाव करणाऱ्याचे दोन्ही हात सलग आपला गळा किंवा सांधा वाचवण्यात गुंतले असतील, तर तो साचत जाणारा परिणाम मानावा आणि त्याला प्रहारांइतकंच वजन द्यावं. त्यासोबत, जखम तपासायला किंवा मोजा नीट करायला रेफरीने पाठीवरची वा छातीवरची लढत थांबवली तर ती त्याच जागेवरून पुन्हा सुरू व्हावी, उभ्याने नव्हे. फेरी संपताना गळ्यावर पकड बसलेली असेल तर जजने ती गुण देताना मोजावी. घंटेने वाचणं म्हणजे सुटणं नव्हे. आणि जजच्या खुर्चीत बसणाऱ्याने स्वतः काही काळ चटईवर घालवलेला असावा. पाठीवरचा माणूस किती जड असतो हे पडद्यावर पाहून कळत नाही.

भारतात अमेरिकेतल्या राज्यांसारखा या खेळावर देखरेख करणारा सरकारी आयोग नाही. इथले आयोजक तिथलीच नियमावली उचलतात आणि तिथल्या वाचनातली खोटही सोबत घेतात. मुंबई-पुण्यात स्पर्धा भरवणाऱ्यांनी पुढच्या वेळी जजांना बसवून आधी मास्विदालची पहिली फेरी दाखवावी, आवाज बंद करून, आणि विचारावं: या पाच मिनिटांत कोणाच्या हातांना दुसरं काही करायची मुभा होती?